शीर्षकाखालची पट्टी

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र होतं आणि त्या यंत्रावर ती बसायची. चाकावर पाण्याची बारीक धार सतत चालू असे, त्यामुळे तिथे ठिणगी उडायचा प्रश्नच नव्हता. तरी दुकानाचे मालक तिला ठिणगी म्हणायचे. चाकातून उडत नसली तरी खुर्चीवर बसलेली आहे, असं ते गिऱ्हाइकांना सांगत आणि गिऱ्हाईक हसलं की आतून काहीतरी आपटल्याचा आवाज येई. पुढे दुकानातले सगळे तिला ठिणगीच म्हणू लागले. घरी ही गोष्ट कळली तेव्हा तिचे वडील, नाना, म्हणाले की नाव बरोबर आहे, फक्त ठेवायला लोकांनी फार वेळ लावला.

नाना सुतारकाम करायचे. हात चालत होते तोवर डोकंही चालत होतं. काम सुटलं आणि विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग कधीकधी घराचा रस्ता. ठिणगीचा मोठा भाऊ, दादा, वहिनीला घेऊन दुसऱ्या शहरात राहत होता. संगणकाच्या कंपनीत बऱ्यापैकी वरच्या जागेवर होता आणि फोनवर नानांची चौकशी नेमाने करायचा. चौकशीपलीकडचं सगळं ठिणगीकडे होतं.

एका दुपारी नाना घरातून बाहेर पडले ते परत आलेच नाहीत. पोलीस चौकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं की म्हातारी माणसं जातात कुठे, येतील जेवायच्या वेळेला. ठिणगीने त्याच्या टेबलावर मूठ आपटली, तेव्हा कुठे त्याने कागद पुढे ओढला. इकडे शेजारणीने चांगल्या मनाने नानांचा फोटो, "यांना शोधायला मदत करा" असं लिहून आणि ठिणगीचा नंबर घालून, ओळखीच्या सगळ्यांना फोनवर पाठवून दिला. नाना दुसऱ्या दिवशी सकाळी गावाबाहेरच्या लाकडाच्या वखारीत सापडले. फळ्यांच्या थप्पीवर बसून ते वखारवाल्याला कुठलं लाकूड कुठे ठेवायला हवं ते सांगत होते.

नाना घरी आले, पण फोटो फिरतच राहिला. त्यावर तारीख नव्हती. ते सापडलेत हे सांगायला त्या फोटोपाठोपाठ कोण धावणार? पुढे वर्षभर ठिणगीला फोन येत राहिले. कोणी म्हणे, बाजारात दिसले. कोणी म्हणे, म्हाताऱ्या माणसाला असं सोडून देता, लाज वाटत नाही का? नाना समोर बसून पेपर वाचतायत आणि पलीकडे एक भली बाई त्यांना शोधायला छत्री घेऊन निघालीय, असंही झालं. एकदा फोन नानांनीच उचलला आणि आपण सापडलो आहोत असं सांगितलं, तर पलीकडच्याने विश्वास ठेवला नाही. नाना त्यावर दिवसभर हसले. ठिणगीला हसू आलं नाही. ज्यांना खरंच कोणी शोधत असेल, त्यांच्या वाट्याची धावपळ आपल्या जुन्या फोटोवर वाया चालली आहे, हे तिच्या डोक्यात घुसून बसलं.

त्या चिडीतून ब्लॉग निघाला. हरवलेल्या माणसांच्या सूचनांचा, आणि नियम असा की प्रत्येक सूचनेवर तारीख हवी, घरच्यांचा फोन नंबर हवा आणि शोध चालू आहे की माणूस सापडलं आहे हे पहिल्या नजरेत दिसायला हवं. फोटो पाठवायचाच असेल तर नुसता पाठवू नका, पानाचा पत्ता पाठवा. म्हणजे माणूस सापडलं की एकाच जागी बदललं तरी जगभर बदलतं. दादाने इंटरनेटवर त्याच्या नावावर जागा घेऊन दिली, एक तयार थीम, म्हणजे पानांच्या मांडणीचा साचा, बसवून दिली आणि आता तूच सांभाळ म्हणाला. तिने सांभाळला. दुकानाच्या गिऱ्हाइकांकडून त्यांच्या नातेवाइकांकडे, तिथून आणखी कुठे, असं करत ब्लॉग पसरला.

सूचनेवरच्या पट्टीसाठी तिला एक फुकटचं प्लगिन, म्हणजे ब्लॉगला जोडायचा तयार प्रोग्राम, सापडलं. "शोध चालू" असेल तर लाल पट्टी, "सापडले" असेल तर हिरवी, आणि पट्टीतच नंबर. बोट लावलं की फोन लागे. तिला हवं होतं नेमकं तेच. पण ते प्लगिन पट्टी लेखाच्या शेवटी टाकायचं. लेखाखाली, "हेही वाचा" च्या चित्रांखाली, पार तळाला. बोट दुखेपर्यंत खाली सरकल्यावर नंबर दिसणार. रस्त्यात उभं राहून, एका हाताने म्हाताऱ्या माणसाला धरून, दुसऱ्या हाताने फोन बघणारा इतकं खाली जाईल कशाला?

प्लगिनच्या माहितीत लिहिलं होतं की पट्टी वेगळ्या जागी हवी असेल तर आपोआप दाखवणं बंद करा आणि थीमच्या टेम्प्लेट फाइलमध्ये, जिथे हवी तिथे, ही एक ओळ घाला. तिने दादाला फोन केला. तो म्हणाला, सोपं आहे, रविवारी बघू. रविवारी त्यांच्याकडे पाहुणे होते. पुढच्या रविवारी त्याचं डोकं दुखत होतं. त्यानंतर तो म्हणाला की अशी कामं करून देणारे लोक असतात, एखाद्याला गाठ. ठिणगीने फोन ठेवला आणि दुकानातल्या संगणकावर फाइल स्वतःच उघडली.

थीम म्हणजे एक मोठी गोष्ट असते असं तिला वाटलं होतं. आत बघते तर लहान लहान तुकडे. वरच्या भागाची फाइल वेगळी, तळाची वेगळी, एक लेख दाखवणारी वेगळी, लेखांची यादी दाखवणारी वेगळी. लेखाच्या फाइलमध्ये शीर्षकाची ओळ ओळखू आली, फोटोची आली. त्या दोन्हींच्या मधे तिने प्लगिनची ओळ टाकली, जपून ठेवायचं बटण दाबलं आणि अख्खा ब्लॉग पांढरा झाला. एक अक्षर नाही. ओळीच्या शेवटचा अर्धविराम राहिला होता. तेवढ्यासाठी इतक्या माणसांचे चेहरे पुसले जावेत, याचा तिला असा संताप आला की तिने संगणकाला, थीमला आणि दादाला एकाच वाक्यात शिव्या घातल्या. मालकांनी आतल्या खोलीचं दार हळूच ओढून घेतलं.

पण तिने ते जमवलं. अर्धविराम घातला. प्लगिन कधी बंद पडलं तर पान पांढरं होऊ नये म्हणून आधी ते चालू आहे का हे तपासणारी अटही वाचून घातली. यादीच्या फाइलमध्येही तीच ओळ टाकली, म्हणजे पहिल्या पानावरही लाल-हिरवं दिसावं. शीर्षक, लगेच खाली पट्टी, मग फोटो. ज्या दिवशी ते नीट दिसलं त्या दिवशी तिने दुकानातल्या प्रत्येकाच्या फोनवर उघडून बघितलं, आणि मालकांचा फोन त्यांच्या हातातून काढूनच घेतला.

त्याच माहितीच्या खाली एक इशाराही होता. थीमच्या मूळ फाइलींना हात लावू नका, नवी आवृत्ती आली की तुमचे बदल पुसले जातील. त्याऐवजी चाइल्ड थीम करा, म्हणजे मूळ थीमच्या आधाराने चालणारी आपली वेगळी थीम, आणि बदललेल्या फाइली तिच्यात ठेवा. तिला ते निम्मं कळलं. उरलेलं निम्मं दादाला दोनदा विचारलं, तर दोन्ही वेळा तो म्हणाला, रविवारी बघू. थीमचं अपडेट आपण दाबलंच नाही तर पुसलं जाणार कसं, असा तिने विचार केला आणि तो विषय तिथेच राहिला.

दादाने ते दाबलं. तो ब्लॉगकडे फिरकत नसे, पण जागा त्याच्या नावावर होती आणि थीम जुनी झाली आहे, धोका आहे, अशी पत्रं त्याला ईमेलवर येत होती. एक दिवस दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत बसला असताना त्याने फोनवरून आत जाऊन सगळं अपडेट करून टाकलं. एक काम हातावेगळं झालं म्हणून त्याला बरंही वाटलं असेल. ठिणगीला त्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही केलंय असं त्याला वाटलंच नव्हतं.

मूळ फाइलींवर नव्या फाइली बसल्या आणि ठिणगीच्या ओळी गेल्या. आपोआप दाखवणं तिने बंद केलेलं होतं, म्हणजे पट्टी तळालाही नाही आणि वरही नाही. कुठेच नाही. मोडलेलं मात्र काही दिसत नव्हतं. उलट अक्षरं जरा मोठी आणि देखणी झाली होती. शाळा सुरू होण्याचे दिवस होते, मुलांच्या चष्म्यांचा ढीग पडला होता आणि ठिणगी नव्या सूचना फोनवरून घाईघाईने टाकत होती. टाकलेलं पान उघडून बघायला तिला सवड झाली नाही.

त्यातलीच एक सूचना एका निवृत्त बाईंची होती. आयुष्यभर त्यांनी शाळेत भूगोल शिकवला होता. मुलगा आणि सून कामाला गेल्यावर त्या दार ओढून बाहेर पडल्या होत्या. अंगावर निळ्या चौकड्यांची शाल. मुलाने ब्लॉगच्या पानाचा पत्ता सगळीकडे पाठवला, आणि तो बरोबर त्या माणसापर्यंत पोचला ज्याच्यापर्यंत पोचायला हवा होता. बस डेपोच्या कँटीनमध्ये काम करणाऱ्या एका बाईने ती शाल ओळखली.

तिने बाईंना कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, चहा दिला आणि पान उघडलं. फोटो तोच. वर्णन तेच. नंबर कुठेच नाही. तिने पान वरपासून खालपर्यंत तीनतीनदा बघितलं. डेपोच्या रखवालदाराला सांगितलं, तर तो म्हणाला की नंबर काढून टाकलाय म्हणजे मिटलं असेल, नाहीतर तिथेच लिही. तिने पानाखाली लिहिलं की या बाई आमच्याकडे बसल्या आहेत, कोणाला फोन करू? तिचं लिहिणं पानावर उमटलं नाही. नव्या माणसाने लिहिलेलं आधी तपासणीसाठी थांबून राहतं आणि तपासा असं पत्र जातं जागेच्या मालकाला, म्हणजे दादाला. तिथे ते बाकीच्या पत्रांच्या ढिगात जाऊन पडलं.

गल्ल्यावर गर्दी झाली. कँटीनवाली उठून गेली आणि परत येऊन बघते तर टेबलावर रिकामा कप. बाई कुठल्यातरी बसमध्ये चढल्या होत्या. पुढे त्या सापडल्या त्या दुसऱ्याच गावातल्या रुग्णालयात. रस्त्याच्या कडेला पडून मांडीचं हाड मोडलं होतं आणि कोणीतरी उचलून तिथे पोचवलं होतं.

मुलाचा फोन दुकानात आला. कँटीनवाली पानावरच्या नावावरून त्याला नंतर शोधत गेली होती, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक होतं. तो ओरडला नाही. त्याने एवढंच विचारलं की आईचा पत्ता तुमच्याकडे लिहून आलेला असताना तुम्ही तो कोणासाठी दडवून ठेवलात, आणि आमचा नंबर का काढलात. ठिणगी म्हणाली की नंबर आहे, शीर्षकाखालीच आहे. तो म्हणाला, "तुम्ही स्वतः बघितलंय का?"

तिने बघितलं. फोन कानाला तसाच आणि समोर ते पान. शीर्षक, खाली फोटो. मधे काही नाही. तिने दुसरं पान उघडलं, तिसरं उघडलं. सापडलेली माणसंही हिरव्या पट्टीशिवाय उभी होती, हरवल्यासारखी. ती मुलाला काहीतरी म्हणाली, काय ते तिला नंतर आठवेना. फोन बंद झाला.

फाइल उघडल्यावर तिच्या ओळी नव्हत्या हे कळलंच. थीमची आवृत्ती बदललेली दिसली, तारीख दिसली. ज्या अर्थी आपण नाही, त्या अर्थी कोण, हे समजायला वेळ लागला नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय होतं ते तिला त्या क्षणी अंगभर कळलं. तिने यंत्र बंद केलं, पाणी बंद केलं, मागच्या गल्लीत जाऊन दादाला फोन लावला.

दादाने आधी शांतपणे ऐकून घेतलं. मग तो समजावू लागला की अपडेट करावंच लागतं, नाहीतर चोर आत शिरतात, कंपनीत तर न करणाऱ्याला धारेवर धरतात. आणि थीमच्या मूळ फाइलींना हात लावायचा नसतो ही अगदी पहिली गोष्ट आहे, ती तुला कोणी सांगितली नाही का?

"सांगितली होती," ठिणगी म्हणाली. "तिथे लिहिलेलंच होतं. मग काय करायचं ते मी तुला विचारलं होतं."

"मला कधी विचारलंस?"

"दोनदा. दोन्ही वेळा तू रविवार सांगितलास."

 दादा म्हणाला की एवढं महत्त्वाचं होतं तर तसं म्हणायचं होतंस, मला वाटलं रंगबिंग बदलायचाय. ठिणगीचा आवाज चढला तो तिथे. हरवलेल्या माणसाच्या घरचा नंबर म्हणजे रंगबिंग, असं तुला वाटलं? दाबायच्या आधी एक फोन करायला तुला काय झालं होतं, दातात काय जीभ अडकली होती? एका म्हाताऱ्या बाईचं हाड मोडलंय आणि तू मला पहिली गोष्ट शिकवतोयस. ती इतकं बोलली की गल्लीतल्या एका खिडकीत डोकं दिसलं आणि पुन्हा आत गेलं. शेवटी तिने सांगितलं की जागा, पासवर्ड, पत्रांचा पत्ता, सगळं आज माझ्या नावावर करून दे. दादा दुखावला. इतकी वर्षं मी फुकट चालवलं, असं म्हणाला. ठिणगी म्हणाली, चालवलं नाहीस, ठेवलं होतंस.

पुढचं वहिनीने केलं. ती दोघांशी वेगवेगळं बोलली, दादाला टेबलाशी बसवलं आणि सगळं बदलून होईपर्यंत उठू दिलं नाही. ठिणगीला तिने हेही सुनावलं की तूही काही कमी नाहीस, वाचलेलं निम्मं सोडून पुढे गेलीस. ठिणगीला ते झोंबलं, कारण ते खरं होतं. दादावर ओरडताना जो राग तोंडातून गेला त्याहून मोठा आत उरला होता, आणि त्याला दुसऱ्या कोणाचं नाव देता येत नव्हतं.

तिने मालकांकडे सुट्टी मागितली. मालकांनी शाळेच्या चष्म्यांच्या ढिगाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि जा म्हणाले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिने चाइल्ड थीम केली. एक वेगळी पेटी, म्हणजे फोल्डर, तिच्यात मूळ थीमचं नाव सांगणारी एक फाइल, लेखाची फाइल आणि यादीची फाइल. दोन्हींत पट्टीची ओळ, अर्धविरामासकट. शेजारच्या खुर्चीवर नाना होते. ते मधूनमधून विचारत की काय करतेस, आणि ती सांगे, फळी बसवतेय. नाना म्हणत, खिळा नको मारू, स्क्रू मार, उद्या काढता येतो. सगळं झाल्यावर तिने मूळ थीम मुद्दाम पुन्हा नव्याने बसवली. पट्टी जागेवरून हलली नाही. हे इतकंच होतं, एका बैठकीचं काम, हे बघून तिला आनंद तर झाला नाहीच, उलट पुन्हा एकदा डोक्यात तिडीक गेली.

पहिल्या पानावर तिने लिहिलं की मधल्या काळात ब्लॉगवर फोन नंबर दिसत नव्हते, लोकांनी लिहिलेलं वाचलं गेलं नाही, त्यातून एका घराचं मोठं नुकसान झालं, आणि चूक आमची आहे. दादाचा फोन आला की आमची म्हणजे कोणाची. तिने सांगितलं, ज्याला जेवढी लागेल तेवढी त्याची.

कँटीनवालीला तिने फोन केला तेव्हा तिने आधी चांगलंच फैलावर घेतलं. मी काम सोडून लिहिलं, तुमच्याकडे वाचायला माणूस नसेल तर लिहायची जागा ठेवता कशाला? ठिणगीने सगळं ऐकून घेतलं. आपल्यासारखंच भांडणारी बाई भेटली याचं तिला त्या अवस्थेतही जरा बरं वाटलं. कँटीनवालीच्या सांगण्यावरूनच तिने पट्टीतला नंबर मोठा केला आणि त्याखाली घातलं की फोन लागला नाही तर इथे करा, आणि तिथे स्वतःचा नंबर दिला. जुन्या फोटोपायी ज्या फोनांना ती वैतागली होती तेच फोन तिने आपणहून घरी बोलावले.

मग ती रुग्णालयात गेली. बाई झोपल्या होत्या. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. काय झालं, कसं झालं, आता काय केलंय, हे तिने न सजवता सांगितलं, आणि भावाचं नाव मधे आणलं नाही. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "तुम्ही आलात ते बरं केलंत. पण ठीक आहे असं मी म्हणणार नाही. ती आता चालेल की नाही माहीत नाही." ठिणगी म्हणाली की म्हणू नका. आईच्या पानावर अजून लालच पट्टी आहे, असं त्यानेच सांगितलं. तुम्हाला विचारल्याशिवाय बदलणार नव्हते, ती म्हणाली. मग तिथेच बाकावर बसून तिने पट्टी हिरवी केली आणि फोन त्याच्या पुढे धरला. त्याने बघितलं, मान हलवली आणि आत निघून गेला. नंतर त्यांचं बोलणं झालं नाही. बाई काठी धरून चालायला लागल्या हे तिला कँटीनवालीकडून कळलं.

दादाशी बोलणं आहे, पण नानांच्या औषधांपुरतं. तो आला की नानांजवळ बसतो, ती स्वयंपाकघरात असते. राग गेला का, असं वहिनी अजून विचारते. ठिणगी म्हणते की कामाला येतोय तोवर असू दे.

आता नवी सूचना टाकली की ती पान दुसऱ्याच्या फोनवर उघडते आणि पट्टीतल्या नंबरवर बोट लावून फोन खरंच लागतो का ते बघते. पहिल्यांदा असं केलं तेव्हा पहिल्याच घंटीला एका बाईने फोन उचलला आणि काही ऐकायच्या आधी विचारलं, "सापडला का?" ठिणगीला सांगावं लागलं की नाही, मी फक्त नंबर तपासत होते.  फोन ठेवल्यावर तिने स्वतःला दुकानातल्या सगळ्यांदेखत मोठ्याने शिवी दिली, आणि मालकांनी या वेळी दार ओढलं नाही. तेव्हापासून ती आधी निरोप पाठवते की थोड्या वेळाने माझा फोन येईल, तो नुसता तपासणीचा असेल. उत्तर येईपर्यंत थांबते, आणि मगच नंबर लावते.